मूठ कुणाच्या घासातली

श्रीमंत स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणे सोपे, या ख्रिस्तवचनावर चिंतामणी पाऊण तास बोलला, आणि त्या पाऊण तासात मंडळीतल्या एकूण एक माणसाने मान वळवून तिसऱ्या बाकावरच्या त्याच्या थोरल्या भावाकडे एकदा तरी पाहून घेतले. उंट कोण, याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नाही. स्वतः उंट मात्र रेशमी रुमालाने चष्मा पुसत शांत बसला होता. प्रार्थना संपताच कमलाकरने सर्वांच्या आधी पुढे होऊन भावाचा हात हातात घेतला.

"छान झाला उपदेश, चिंतू. मधे जरा लांबला. बारा वाजता जेवायला या सगळे. आणि अक्का," तो थोरल्या बहिणीकडे, दुर्गेकडे वळला, "आज सांगायचं कबूल केलं आहेस तू. लक्षात आहे ना?"

दुर्गेच्या लक्षात दुसरे काही नव्हतेच. महिनाभरापूर्वी कमलाकर आणि त्याची बायको शकुंतला बोर्डिंगात तिच्या खोलीवर आली होती. दोघांना मूल नव्हते. दुर्गेची मुलगी लीला नुकतीच मॅट्रिक झाली होती आणि तिला डॉक्टर व्हायचे होते. दुर्गा विधवा, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात सोळा वर्षे मेट्रन, आयुष्यभर तिथेच भाकऱ्या मोजल्या तरी त्यातून पुण्याच्या कॉलेजाची एक सहामाहीही निघाली नसती. कमलाकरने सरळ शब्दांत मागितले होते. लीला आमच्या घरी येईल, आमची मुलगी म्हणून राहील; पुणे, त्यानंतरचे वैद्यकीचे शिक्षण, सगळे माझ्याकडे. "तू भेटायला येत जा," असेही तो म्हणाला होता. ते अर्थातच चांगल्या मनाने.

द्रव्याने माणूस बिघडतो का, या प्रश्नावर दुर्गेने पुष्कळ वाचले होते. मिशनच्या वाचनालयात त्या विषयावर दीड कपाट होते, आणि ती ग्रंथसंपदा निर्माण करणारे बहुतेक सद्गृहस्थ, तिच्या अंदाजाने, उत्तम जेवून मग लिहावयास बसत असावेत. काहींनी सिद्ध केले होते की द्रव्य निर्दोष असून दोष त्याच्या लोभात आहे. हे सिद्ध करण्याची घाई द्रव्य असलेल्यांनाच अधिक दिसली. दुसऱ्यांनी दारिद्र्याचे गुण गायिले होते, आणि त्यांच्या ग्रंथांना सोनेरी कडा होत्या. सर्वांनी प्रश्न सोडवला होता. एकानेही एखादा माणूस हाताशी घेऊन तपासला नव्हता. तिच्यापाशी माणूस होता. तिच्या पाठुंगळी बसून फिरलेला, तिच्या हातची पाटीवरची अक्षरे गिरवलेला भाऊ आठ वर्षांत तिच्या डोळ्यांदेखत श्रीमंत झाला होता. जर्मन रंगांची एजन्सी त्याला मिळाली आणि शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांचे हात कोपरापर्यंत त्याच्या निळ्या-तांबड्यात बुडाले.

गेला महिनाभर ती त्याला वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने पान न्याहाळावे तशी न्याहाळीत होती. तो पीत नव्हता. खोटे बोलत नव्हता. म्हाताऱ्या बापाचे पाय अजून स्वतः चेपत होता. नोकरांवर त्याचा आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता. कीड कुठे सापडत नव्हती, आणि ती सापडत नाही याचे आपल्याला थोडे वाईट वाटते आहे, हे ध्यानात येऊन दुर्गा स्वतःवरच चिडली होती.

तो महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे मुठीचा रविवार. चर्चच्या ओसरीवर चादर अंथरलेली होती आणि बायका आपापली मडकी त्यात रिती करीत होत्या. ही रीत दुर्गेच्या वडिलांनी, आप्पांनी, म्हणजे रेव्हरंड शिवयोगींनी, चाळीस वर्षांमागे घालून दिली होती. चूल पेटवण्यापूर्वी धान्य मापून घ्यावे आणि मापल्यावर त्यातून एक मूठ देवाच्या मडक्यात टाकावी. आधी नव्हे, मापल्यावर. म्हणजे ती मूठ कणगीला नव्हे, पोटाला जाणवेल. जमलेले धान्य मिशनच्या बोर्डिंगाला जाई. उन्हाळा आला की पुष्कळांची मडकी अर्ध्यावर येत. कमलाकरच्या घरचे मडके मात्र गेली तीन वर्षे गळ्यापर्यंत भरून येत होते, आणि आजही पंचांपैकी एकाने ते उचलून सर्वांना दाखवले. चिंतामणीचा उंट तेवढ्या वेळापुरता सुईतून आरपार गेला.

"दाखवायचं मडकं," टांग्यात बसताना चिंतामणी पुटपुटला. तो मिशनच्या शाळेत मास्तर होता. भावाच्या वैभवाने त्याला एकच गोष्ट दिली होती, ती म्हणजे उपदेशाला विषय. "अक्का, मी स्पष्ट सांगतो. लीलाला तिथे ठेवलंस तर दोन वर्षांत ती आपली राहणार नाही."

"बिघडेल म्हणतोस?"

"त्या घरात न बिघडून काय करील?"

"कमलाकर बिघडलाय का?"

टांगा सात रस्त्याच्या चौकात आला होता; चिंतामणीने उत्तरासाठी चौकाच्या सातही दिशांकडे पाहिले. "अगं, ते काय असं दिसतं का?"

"तेच तर मी महिनाभर बघतेय," दुर्गा म्हणाली. "दिसत नाही."

पुढच्या बाजूला टांगेवाल्याशेजारी आप्पा बसले होते. दुर्गा तीन वर्षांची असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. मिशनच्या साहेबांनी मुलीचे नाव बदलून दबोरा ठेवा असे सुचवले, तेव्हा ते म्हणाले होते की पाप माझे आहे, नाव तिचे आहे. ते कशाला धुता? ख्रिस्ती बाईचे नाव दुर्गा कसे, याचे उत्तर मात्र जन्मभर तिलाच द्यावे लागले; तेव्हापासून या घराण्यात अवघड प्रश्न बायकांच्या वाट्याला येत, अशी दुर्गेची समजूत होती.

*

रेल्वे लाईन्समधल्या बंगल्यात जेवणाचे टेबल सहा माणसांना पुरून उरेल असे होते. मटण होते, पुलाव होता, तुपाने मऊ केलेल्या पोळ्या होत्या. शकुंतला स्वतः वाढत होती आणि बजाबाई, मंद्रूपकडची, पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी नुसते गोंदण राहिलेली स्वयंपाकीण, आतून भांडी आणून देत होती. तीन वर्षे ती या घरात होती. मागच्या खोलीत राही. महिन्याचा पगार आणि रोजचा शिधा, असे तिचे ठरलेले.

आप्पांनी पोळीचा एक तुकडा मोडला, शेंगाचटणी लावली आणि मुलासारखे विचारले, "शकू, भाकरी नाही का गं?"

"मामंजी, आपल्याकडे भाकरी होतच नाही हो. यांना पित्त होतं. कधीपासून बंदच केली." शकुंतला ओशाळली. "आधी आठवण झाली असती तर मागवली असती."

"असू दे, असू दे. पोळीही देवाचीच."

लीला घास तोंडाशी नेता नेता थांबली. सतरा वर्षांच्या या मुलीला एक खोड होती: दोन गोष्टी जुळल्या नाहीत की ती त्या तिथेच, सर्वांसमोर, शेजारी शेजारी मांडून ठेवी. शाळेत तिला यासाठी बक्षीस मिळाले होते. घरात मिळत नसे.

"मामी, पण मग मुठीचं मडकं ज्वारीचं कसं?"

"काय?"

"सकाळी मडकं मीच ओतलं ना चादरीवर. सगळी ज्वारी होती. तुमच्याकडे ज्वारी शिजतच नाही, तर मापून झाल्यावर मूठ ज्वारीची कशी निघेल? तांदूळ निघायला हवा, नाहीतर गहू."

"अगं, ते बजाबाई बघतात," शकुंतला म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय, मूठ चुकवायची नाही म्हणून. कधी चुकवली नाही त्यांनी. बजाबाई!"

बजाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"मूठ कुठल्या डब्यातून काढता हो तुम्ही?"

"माज्या."

"तुमच्या म्हणजे?"

"माज्या शिध्यातनं की. रोजची ज्वारी मला मापून देता न्हवं तुमी? दोन येळंला दोन मुठी. का, काय कमी पडली व्हय? सकाळी गच्च भरूनशान दिलं हुतं मी."

 सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून बजाबाईला वाटले, यांना कळले नसावे. म्हणून तिने फोड करून सांगितले. "म्या पयल्या दिशी थोरल्या बाईंस्नी इचारलं हुतं. ह्यांच्या आईस्नी, काशम्माबाईस्नी, देव त्यांचं भलं करू. मूठ कशातनं काढायची म्हनलं. तर त्या म्हनल्या, जी रांधती तिनं आपल्या घासातली काढायची, घरच्या कणगीतली न्हाय. ती काय मूठ झाली? आता हितं रांधते कोन? मीच की. मग घास बी माजाच."

काशम्माने ते गरीब घरातल्या गृहिणींसाठी सांगितले होते, जिथे रांधणारी आणि घरधनीण एकच असते. अन्य प्रकारचे घर तिच्या ध्यानात आले नाही. मुलाच्या नव्या घरात तिने नुकतेच पाऊल टाकले होते; त्या घराचा अर्थ तिला लागण्यापूर्वीच ती वारली. अशा रीतीने कमलाकरच्या घरातून तीन वर्षे प्रभूला अखंड अर्पण होत राहिले, आणि घरातल्या कोणाच्याही ताटातला एक कण त्यात नव्हता. ज्या बाईच्या ताटातला होता ती बाप्तिस्मा घेतलेली नव्हती, आणि त्या चर्चमध्ये तिने पाऊलही टाकलेले नव्हते.

आप्पांनी ताट थोडे पुढे सारले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा कुतूहल अधिक होते. "बाई, पोट भरत होतं का तुमचं?"

"भरायचं की. चाराच्या जागी तीन भाकरी. म्हातारपनी लई लागतंय कुटं?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? तुमचा देव काय नि आमचा बिरोबा काय, घास मागतोच की. तुमच्या देवाला जरा रोजच्या रोज लागतो, येवढंच."

चिंतामणीने डोळे मिटून घेतले होते. दुर्गेने ओळखले की पुढच्या रविवारचा उपदेश आत जुळत आहे. "बघा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी सकाळी काय सांगत होतो? हेच. अगदी हेच."

"तू उंटाबद्दल सांगत होतास," कमलाकर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी बजाबाईंना सांगितलं होतं का, स्वतःच्या पोटातलं काढून देवाला द्या म्हणून? मला माहीत तरी होतं का?"

"माहीत नसतं, तेच तर—"

"मला पण माहीत नव्हतं!" शकुंतला एकदम नवऱ्यावर उलटली. "स्वयंपाकघरात जाऊ नकोस, एजंटाच्या बायकोला शोभत नाही, हे कोण म्हणालं होतं? मी काय मडकं धरून बसणार होते तिथं? मामंजींच्या घरी होते तेव्हा रोज माझ्या हातानं मूठ काढलीय मी. विचारा त्यांना."

"काढायची ती," आप्पा म्हणाले.

कमलाकर उठला. कोटाच्या खिशातून त्याने एक नोट काढली. किती रुपयांची, हे बजाबाईने पाहिले नाही, पण ती दारातून एक पाऊल मागे सरकली.

"हे कशाचं, सायेब?"

"तुमच्या मुठींचं. तीन वर्षांच्या."

"म्हंजे देवाला दिल्यालं मी आता इकायचं व्हय?" ती खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "नको बा. त्येच्यापरास उद्यापास्नं शिधा जरा वाढवा. येक भाकर वाढली तरी लई झालं. आनि वाढत नसंल तर राहू द्या. पर नोट नको."

ती आत निघून गेली. नोट कमलाकरच्या हातात राहिली. कुठे ठेवावी हे त्याला कळेना. दुर्गेने आयुष्यात प्रथमच पैशाला जागा न सापडलेली पाहिली.

तिला जे हवे होते ते मिळाले होते. पानामागची कीड सापडली होती, आणि पाहायला गेले तर ती कीडच नव्हती. कमलाकर दुष्ट झाला नव्हता. पैशाने इतकेच केले होते की तो आणि त्याचा धर्म यांच्या मधे आणखी एक हात आणून ठेवला होता. आणि तो हात दिसणार नाही असे बांधकाम घरातच करून दिले होते. ग्रंथकारांच्या दीड कपाटाला हे सुचले नव्हते. तिला आत कुठेतरी थंड, स्वच्छ संताप आला, आणि संतापाबरोबर, हेही खरे, विजयाचा आनंद.

"झालं तर मग, अक्का," चिंतामणी म्हणाला. "आता विचार करायला काही उरलं नाही. लीला, चल, ऊठ."

"जाते कुठे ती?" दुर्गेने विचारले.

"बोर्डिंगात. तुझ्याकडे. भाकरी खाईल, पण हक्काची खाईल."

दुर्गा त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या 'हक्काची' या शब्दाने तिचा तो आनंद जागच्या जागी विझवला. "चिंतू," ती सावकाश म्हणाली, "मुठीचं धान्य कुठं जातं?"

"बोर्डिंगला. का?"

"बोर्डिंगात कोण जेवतं?"

चिंतामणीने ताटाकडे पाहिले. तो रोज दुपारी तिथेच जेवत असे; शाळेच्या मास्तरांना तशी सवलत होती.

"मी जेवते," दुर्गा म्हणाली. "लीला जेवते. तू जेवतोस. उन्हाळ्यात सगळ्यांची मडकी अर्ध्यावर येतात. भरून येतं ते एकच. तीन उन्हाळे आपण बजाबाईची चौथी भाकरी खाल्ली आणि कमलाकरबद्दल बोललो. मी मेट्रन आहे. धान्य माझ्यासमोर उतरतं. मी एकदाही विचारलं नाही, की पुलाव खाणाऱ्यांच्या घरातून ज्वारी कशी येते. लीलानं विचारलं."

"पण आपण गरीब आहोत, अक्का!"

"हो. म्हणून आपल्याला विचारावंच लागलं नाही."

कमलाकर खुर्चीत बसला होता. आतापर्यंत सगळे त्याच्या विरुद्ध होते. आता अचानक कोणीच कोणाच्या बाजूला नव्हते, आणि त्यामुळे त्याला धीर येण्याऐवजी तो अधिकच खचलेला दिसत होता. "अक्का, तू नाहीच म्हणणार," तो म्हणाला. "म्हण. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त एकच सांग, मी असा कधी झालो? मला खरंच कळलं नाही गं."

हा प्रश्न खरा होता. 

"आई," लीला म्हणाली, "तू नाही म्हणालीस तरी मला चालेल. मी ट्रेनिंग कॉलेजला जाईन. मास्तरीण होईन. मला आवडेल."

तिने हे अगदी नीट, ठाम आवाजात सांगितले, आणि सांगताना पोळीचा घास बोटांत इतका दाबला की त्याची गोळी झाली. मुलगी पहिल्यांदाच खोटे बोलत होती.

दुर्गेला तेव्हा सगळा हिशेब उलटा दिसला. नकार द्यावा, तो किती सुंदर असेल. मंडळीत त्याची चर्चा होईल. चिंतामणी त्यावर दोन रविवार काढील. कमलाकरचा पैसा नाकारणारी बाई म्हणून तिच्याकडे माना वळतील. आणि त्या अर्पणाची किंमत लीला देईल, आयुष्यभर, रोज, दोन्ही वेळा. रांधणार दुर्गा, घास लीलाचा. बजाबाईच्या मालकिणीला निदान ठाऊक नव्हते.

"लीला येईल तुझ्याकडे," ती म्हणाली.

शकुंतलेच्या हातातला डाव ताटावर आपटला. चिंतामणी म्हणाला, "अक्का!" आप्पांनी मान खाली घातली, त्यांचे ओठ हलत होते.

"म्हणजे..." कमलाकर अडखळला. "माझा पैसा चालतो तुला?"

"पैसा चालतो. तुझ्याबद्दल माझं अजून ठरलेलं नाही. आणि आता माझ्याबद्दलही ठरायचंय." ती उठली. "आजपासूनच ठेव तिला. तिची ट्रंक संध्याकाळी पाठवते."

"वन्सं, आजच? निदान आठवडाभर—"

"आठवड्यानं मला जमणार नाही, शकू. मी स्वतःला ओळखते. आठवड्यात मी नकाराला धर्मशास्त्र शोधून काढीन."

लीला तिच्या गळ्यात पडली नाही. ती दुर्गेचीच मुलगी होती. तिने फक्त आईचा पदर खांद्यावर सारखा केला आणि विचारले, "तू रविवारी येशील?"

"येईन. बघायला."

"मला बघायला, की मी बिघडले का ते बघायला?"

"दोन्ही," दुर्गा म्हणाली, आणि मग तिला तिथे उभे राहवेना.

*

आप्पा दुपारचे पडणार होते आणि चिंतामणी त्यांच्यापाशी थांबणार होता, बहुधा कमलाकरशी भांडायला. दुर्गा एकटीच निघाली. फाटकापर्यंत आल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि बोर्डिंगापर्यंतच्या दीड मैलात मंडळीतली किमान दहा घरे होती. रडणारी मेट्रन त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. म्हणून कमलाकरचा ड्रायव्हर भिमा मोटारीचे दार उघडून उभा राहिला तेव्हा ती नको म्हणाली नाही. याआधी प्रत्येक वेळी ती नको म्हणाली होती.

आसन मऊ होते. आत सावली होती आणि कातड्याचा वास होता. बाहेरचे ऊन, धूळ, सायकलींच्या घंटा, सगळे काचेपलीकडे थोडे लांब आणि थोडे मुके झाले. दुर्गेने डोळे पुसले. कोणी पाहिले नाही. किती सोयीचे आहे, असे तिच्या मनात आले. लीलाच्या आठवणीने येणारा उमाळा इथे पाठ टेकून, सावकाश, आपल्या सवडीने येऊ देता येतो. रस्त्याने चालताना तो आवरावा लागला असता.

सात रस्त्याच्या अलीकडे मोटार मंदावली आणि जवळजवळ थांबली. दुर्गेने पुढे वाकून पाहिले. रस्त्याच्या अगदी मधून एक बाई कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. भारा इतका मोठा होता की तिला मागचे काही दिसत नव्हते, आणि कडेला खडी टाकलेली असल्यामुळे अनवाणी पायांना मधली धूळच बरी होती. भिमाला घाई नव्हती. तो तिच्यामागून बैलाच्या चालीने गाडी नेऊ लागला.

दुर्गा काही क्षण थांबली. तिला रडायचे होते, आणि या खोळंब्यात ते तुटत होते.

"भिमा," ती म्हणाली, "हॉर्न वाजव ना. काय ही बाई, रस्ता काय तिच्या—"

हॉर्न वाजला. बाई दचकून खडीत उतरली. भारा एका अंगाला कलंडला आणि तो सावरताना तिचा एक पाय दुमडला. मोटार सहज पुढे गेली. दुर्गेने मागच्या काचेतून वळून पाहिले, तोवर मधे धूळ आली होती.

ती पुन्हा सरळ बसली आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघू लागली. हॉर्न त्या हातांनी वाजवला नव्हता. बोर्डिंग अजून मैलभर दूर होते.